कडंचे दगड

अगं तृप्ती, आधी डबा ठेव खाली. न्हाई, मला भूक न्हाई, तू खा, मी सांगते. संध्ये, तू पण सरक इकडं, तिकडं ऊन हाय. तीन आठवडे कुठं मेलती म्हणून विचारून राह्यल्या ना सकाळपासून? सरांना मी नुसतं "घरी अडचण होती" म्हणलं. तुम्हाला सगळं सांगते. पण मधी मधी बोलू नका, न्हाईतर माझं तुटतं आन् मंग परत जुळत न्हाई.

तर भारतपासून सांगते. माझा मोठा भाऊ. आमच्या हसनाबादहून रोज गाडीवर एमआयडीसीत यायचा, सळईच्या कारखान्यात. मार्च संपता संपता एका सकाळी रोही आडवा आला. रोही, म्हणजे नीलगाय, पाह्यलाय ना? घोडाच असतो तो. गाडी एकीकडं, भारत एकीकडं, आन् रोही मधी उभा राहून ह्याच्याकडंच पाहून राह्यला म्हणे, जसं काय ह्यानंच सिग्नल तोडला. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणले, दीड महिना पाठीवर पडून राहायचं, पायाला वजन लावून. वजन म्हणजे काय, वीट. खरंच वीट! लोखंडी खाट, खाटेच्या पायथ्याला चाक, चाकावरून दोर, दोराला थैलीत वीट. ती खाट आम्ही खोलीत आणून जोडली, अख्खी दारातून जाईना म्हणून. तेव्हा कोणाला वाटलं, की हे ध्यानात ठिवायला पायजे? आत अख्खी गेली न्हाई, म्हणजे बाहेर पण अख्खी निघणार न्हाई. आन् भारतला उचलायचं तर डॉक्टरनं सक्त सांगितल्तं, हलवलं की हाड सरकलं, मंग जन्माचा लंगडा.

आता आमचं घर. तुम्ही दोघी आल्या न्हाईत कधी, म्हणून सांगते. पुढं गिरणी, मागं आम्ही. गिरणी म्हणजे पिठाची चक्की आन् मिरचीचं कांडप, दोन्ही. मम्मी चालवते, पप्पा पट्टे, मोटार, दुरुस्ती पाहतात. भिंती विटांच्या, पण मातीत बांधलेल्या, आजोबांच्या हातच्या. आन् ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वर एकच छत, पत्र्याचं. गिरणी काय आन् घर काय, गेलं तर दोन्ही संगं जाणार.

उन्हाळा म्हणजे कांडपाचा सीझन. सकाळी सातपासून बाया मिरच्यांच्या थैल्या घेऊन रांगेत. तिकडं कांडप सुरू झालं की इकडं भारत शिंकायला लागायचा, आन् शिंकलं की मांडीतून कळ. एक शिंक, एक शिवी. एक शिंक, एक शिवी. बाया बाहेरून ओरडायच्या, "सत्यशीलाबाई, तुमच्या भारतला म्हणा, जरा शिव्या बदल, त्याच त्याच ऐकून कंटाळलो." माझी मम्मी हसायची बी आन् डोळे बी पुसायची, मिरचीनं का कशानं ते तिलाच माहीत.

पण खरी भीती वेगळीच होती. आमच्याकडं एप्रिल-मे म्हणजे वादळाचे दिवस. सकाळभर नुसती आग, चार वाजले की उत्तरेकडून पिवळं पडत यायचं, आन् मंग अर्ध्या तासात काय उडंल काय राहील, नेम न्हाई. गावात सगळे आधी तयारी करून ठिवतात. हॉटेलवाले बोर्ड उतरवतात, किराणावाले ताडपत्र्या काढतात, कडब्याच्या गंजीला दोर टाकतात. आन् घरावर दगड. पत्र्याचं घर म्हणलं की दगड आलाच. आमच्यावर एकोणीस होते. मी लहानपणी गच्चीवरून तारे मोजतात तसं ते खालून मोजायचे, पत्र्याला जिथं पोट यायचं तिथं दगड.

त्यातला एक बराबर भारतच्या छातीवर होता. म्हणजे वर, पत्र्यावर. चांगला पायलीएवढा. दिवसभर पाठीवर पडलेला माणूस दुसरं काय पाहणार? त्यानं त्याचं नाव ठिवलं मुकादम. मी सकाळी चहा घेऊन गेले की म्हणायचा, "पायल, मुकादम आज लई रागात हाय. रात्रीतून जरा खाली आला."

"गप रे."

"खरंच. पोट सुटलं त्याचं."

तो हसायचा. मी न्हाई. कारण मागच्या वर्षी वरच्या आळीत वाऱ्यानं पत्रा उचलला, त्यावरचा दगड सुटला आन् खाली रांजणावर पडला. रांजणाच्या ठिकऱ्या. तिथं त्या दिवशी सकाळी त्यांचा झोका बांधलेला होता, लेकराचा. तेव्हापासून दगड म्हणलं की मला तो रांजण दिसतो. आन् इथं तर भारत. पळू शकत न्हाई, कूस बदलू शकत न्हाई. मला त्या दीड महिन्यात एकच गोष्ट पायजे होती, भारतच्या अंगावर वरून काही पडू नये. बस. जेवताना तेच, झोपताना तेच.

आन् मी कोण? मी आयटीआयची फिटर! वर्गात पहिली! आठवतं का, सरांनी फळ्यावर छत काढून दाखवल्तं, जे-हूक कसा पत्र्याच्या उंचवट्यातून खाली नेऊन पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला अडकवायचा, वर डांबराचा वायसर, वर नट? माझ्या डोक्यात त्याच दिवशी बसलं. दगडाचं कामच काय? दगड म्हणजे अडाणीपणा. दगड काढायचे, हूक मारायचे, छत पण पक्कं आन् भारतच्या छातीवरचं वजन पण गेलं.

काय? बोल, तृप्ती. तुझं तोंड पाहूनच कळलं मला.

हो. अँगल. अँगल भिंतीत गाडले होते का, हेच विचारायचं ना तुला? तुला डबा खाता खाता सुचलं पाह्य. मला न्हाई सुचलं. थांब, आता बोलू नको.

मी रामप्रसाद काकांकडं गेले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान हाय बसस्टँडपाशी. ते शेडनेटच्या कामात बुडालेले, वादळाच्या आधी सगळ्या शेडनेटवाल्यांना पाइप पक्के करून पायजे असतात ना. म्हणले, "पोरी, मला मरायला टाइम न्हाई. ड्रिल घेऊन जा, संध्याकाळी परत आण." ड्रिल घेतली, हूक घेतले, वायसर घेतले. घरी आले आन् पप्पांना म्हणलं, "पप्पा, दगड उतरवा."

पप्पा गिरणीचा पट्टा शिवत बसल्ते. माझे पप्पा, देवानंद, बोलतात कमी. सुई तशीच हातात धरून वर पाह्यलं. म्हणले, "भारतवरचा काढ. मधले पायजे तर सगळे काढ. कडंचे राहू दे."

"कामून?"

"राहू दे."

"पप्पा, कामून राहू दे?"

"माझ्या बापानं ठिवलेत ते. तो म्हणायचा, कडंच्या दगडाला हात लावायचा न्हाई."

"पण कामून म्हणायचे?"

पप्पांनी लई विचार केला गं. खरंच केला, मी पाह्यलं. पण आजोबांनी दगड दाखवले होते, कारण सांगितलं नव्हतं. मी म्हणलं, "आजोबांच्या टायमाला जे-हूक होते का? असते तर त्यांनीच दगड फेकून दिले असते. आजोबा म्हणून पत्रा ऐकतो का? शिकायचं कशाला मंग आम्ही?" आन् हे मी बायांसमोर म्हणलं, रांगेत आठ-दहा बाया होत्या. पप्पा हसले. बायांना म्हणले, "माझी पोरगी फिटर हाय. तिच्यापुढं आपलं काय चालणार?" शर्ट काढला, बनियनवर पत्र्यावर चढले आन् एक एक दगड मला खाली दिला. मधले पटापट दिले. कडंचे देताना प्रत्येक दगडाला एकदा थांबले. मी खालून ओरडून राह्यले, "जल्दी पप्पा, ड्रिल परत द्यायचीय."

दोन दिवस लागले. काय काम केलं गं मी! एक हूक वाकडा न्हाई. पत्र्यावर हात मारला तर आधी खडखड व्हायचं, आता नुसता धप्प. भारत म्हणला, "मुकादम गेला. आता एकट्यानं करमणार न्हाई मला." आन् पहिल्यांदा तो दुपारी तोंडावर चादर न घेता झोपला.

आता त्या एकोणीस दगडांचं काय करायचं? मी म्हणजे काय, मला बसवतच न्हाई ना! गिरणीपुढं बाया उभ्या राहून राहून पाय दुखवतात म्हणून मी त्यांचा ओटा बांधला. सिमेंटात. दारापुढं, मस्त. बाया बसल्या, म्हणल्या, "लेक असावी तर अशी."

मंग गावात बोभाटा. समोरच्या झुंबरआजी पहिल्यांदा आल्या. "पायल, आमच्या पत्र्यावरचे बी काढ गं बाई, वारं आलं की रात्रभर डोक्यावर दगड नाचतात." त्यांचं केलं. मंग त्यांच्या भावकीत दोन. मंग आमच्या वस्तीत पाच. मंग चहाचं हॉटेल, सायकलचं दुकान, सलून. अकरा, तृप्ती. माझ्या हातानं अकरा छतं. त्यांचे दगड गावातल्या अण्णासाहेबांनी ट्रॅक्टर लावून नेले, नाल्यावर बंधारा बांधून राह्यले ना ते, त्यात टाकले. जयंतीला विहारासमोर माझा सत्कार केला. पुस्तक दिलं, माईकवरून सांगितलं, आपल्या वस्तीतली पोरगी सगळ्या गावाचं छप्पर सांभाळून राह्यली. मी पाह्यलं, मागं पप्पा उभे होते. टाळ्या वाजवताना त्यांचे हात डोक्याच्या वर गेल्ते.

आता एक गोष्ट सांगायची राह्यली, दोराची. आमच्या घरात गिरणीच्या बाजूला अँगलला एक जाड दोर लोंबत असतो. सगळ्यांच्याच असतो पत्र्याच्या घरात. वारं लई झालं की घरातल्या मोठ्या माणसानं तो दोर धरायचा आन् लटकायचं. आपलं वजन छताला द्यायचं. पप्पा दरवर्षी धरायचे, त्यांच्या आधी आजोबा. छत चार बोटं उठायचं, पप्पांच्या टाचा उठायच्या, परत खाली बसायचं. लहानपणी आम्हाला मजा वाटायची, मी आन् भारत पप्पांच्या पायांना मिठी मारायचो, तेवढंच अजून वजन. पप्पा दोराचे हाताला दोन वेढे घ्यायचे, घामानं सुटू नये म्हणून. मी हूक मारल्यावर म्हणलं, पप्पा हा दोर सोडून टाकू. ते म्हणले, "राहू दे, टॉवेल वाळत घालायला कामाला येतो."

मे महिन्याची चार तारीख. भारतचे दहा-बारा दिवस राह्यल्ते. साडेचार वाजले असतील. कांडप चालू होतं, शेवटच्या बाईची मिरची होती, ती घेऊन ती पळाली कारण उत्तरेकडं पिवळं झाल्तं. मम्मीनं कांडपाखालची परात झाकायला घेतली तेवढ्यात लाइट गेली. मोटार थांबली. आन् असं शांत झालं, की भारतच्या विटेचा दोर चाकावर करकरला तो पण ऐकू आला.

भारत म्हणला, "आलं वाटतं."

मी म्हणलं, "येऊ दे." असंच म्हणलं मी. कमरेवर हात ठेवून. मला खरं सांगू का, मला वाटून राह्यलं होतं की यावं. माझं काम गावाला दिसावं म्हणून. हे मी अजून कोणालाच सांगितलं न्हाई.

आधी धूळ आली. मंग बसस्टँडकडून काहीतरी मोठं पडल्याचा आवाज. मंग आमच्यावर. पहिला झोत आला आन् पत्रा वाजलाच न्हाई! मी भारतकडं पाह्यलं, भारतनं अंगठा दाखवला. दुसरा आला, तरी न्हाई. मी मम्मीला म्हणलं, "पाह्यलं का? एक खडखड हाय का?" मम्मी म्हणली, "हो गं बाई, पण ही माती कुठून पडून राह्यली?"

भिंतीच्या वरच्या कडंनं माती पडत होती. बारीक. पिठासारखी.

पप्पांनी ती पाह्यली आन् पळाले. टॉवेल फेकला, दोर धरला, दोन वेढे घेतले. मी ओरडले, "पप्पा, कशाला? हूक हायेत ना!"

पप्पा लटकल्या लटकल्या म्हणले, "तुझे हूक पक्के हायेत गं. अँगलच उठून राह्यला."

तेवढ्या आवाजात त्यांनी ते एवढं सरळ सांगितलं, जसं काय मला समजावून सांगून राह्यले. मला कळलंच. त्याच क्षणाला कळलं, आजोबांचं कारण. आमचे अँगल भिंतीत गाडलेलेच नव्हते. नुसते भिंतीवर टेकवलेले. कडंचे दगड पत्र्यासाठी नव्हते. ते अँगलच्या टोकांवर होते, बराबर भिंतीच्या वर. छत आन् भिंत एकमेकांना धरून होती ती फक्त त्या दगडांच्या वजनानं. आन् आधी पत्रे सुटे होते, वारं फटीतून निघून जायचं, फार तर एखादा पत्रा जायचा. मी सगळे पत्रे अँगलला आवळून त्याची एक पाटी केली. एक मोठी पाटी, आन् तिच्यावरचं वजन काढून घेतलं.

मी म्हणलं, "पप्पा, सोडा!" ते म्हणले, "भारत!" एवढंच. म्हणजे खाली भारत हाय, कसं सोडू. मी परत ओरडले, सोडा. तेव्हा त्यांनी सोडायला पाह्यलं असंल, मला माहीत न्हाई. हाताला दोन वेढे होते.

मंग उजेड झाला. एकदम. कोणीतरी डबीचं झाकण काढावं तसं. छत गेलं, आन् वारं आत उतरलं, ते सरळ कांडपावर. परातीतली, कांडपातली, भिंतीला वर्षानुवर्षं बसलेली, सगळी मिरची उठली. लाल, नुसतं लाल. डोळे उघडताच येईनात. मम्मी कुठं, मी कुठं, काही न्हाई. भारत ओरडून राह्यला, "पप्पा कुठंयत? पायल, पप्पा कुठंयत?" तो पडल्या पडल्या ओरडतोय आन् शिंकतोय. मी हातानं चाचपत गेले. चक्की लागली, पट्टा लागला, दाराची चौकट लागली. बाहेर ओट्यावर हात टेकला तर पप्पांचा पाय लागला.

छत रस्त्याच्या दिशेनं गेलं ना. पप्पांना भिंतीच्या वरून पलीकडं नेलं आन् मंग दोर तुटला. पाठीवर पडले. मी बांधलेल्या ओट्यावर. त्यांनीच काढून दिलेल्या दगडांवर.

न्हाई, रडू नको संध्ये. तू रडली की मला पुढं सांगता येत न्हाई.

भारतला एक खडा लागला न्हाई. विटा पडल्या त्या गिरणीच्या बाजूला. त्याच्या अंगावर वरून काहीच पडलं न्हाई. मला पायजे होतं तेच झालं.

छत झुंबरआजींच्या गोठ्यापलीकडं, लिंबावर जाऊन बसलं. अख्खं. दुसऱ्या दिवशी रामप्रसाद काका आले, त्याच्याभोवती फिरले, एक एक हूक हातानं हलवून पाह्यला. म्हणले, "पोरी, काम एक नंबर केलंस. एक पण सुटला न्हाई." त्यांना काय, त्यांनी चांगल्या मनानं म्हणलं. मंग आमच्या भिंतीचं डोकं पाह्यलं. जाताना म्हणले, "ड्रिल दिली तेव्हा मी एकदा येऊन पाहायला पायजे होतं." आता ते पण हेच घेऊन फिरून राह्यले.

पप्पा जित्ते हायेत. कमरेखाली काही न्हाई. संभाजीनगरला पंधरा दिवस ठिवलं, मंग डॉक्टर म्हणले, घरी न्या, आता सेवा. घरी आणले तेव्हा भारतचं वजन निघाल्तं, तो काठीवर उभा राहायला लागल्ता. त्याच खाटेवर आता पप्पा. चाक काढून टाकलं, वीट काढून टाकली. खाट तिथंच. दारातून निघत न्हाई ना ती. वर ताडपत्री, कडंनं दगड ठिवलेत आम्ही. झुंबरआजींचा नातू म्हणला, ओटा फोडू का दगडासाठी? मम्मी म्हणली, हात लावायचा न्हाई. आता तिला काय दिसतं त्या ओट्यात, कोण जाणे. गिरणी बंद हाय.

आन् मला झोप कामून येत न्हाई, हे तुम्हाला कळलं का? अकरा घरं, तृप्ती! अकराच्या अकरा आमच्यासारखीच. मातीतल्या भिंती, टेकवलेले अँगल. माझे हूक. दगड बंधाऱ्यात. मी पप्पांना आणलं त्याच दिवशी संध्याकाळी निघाले, घरोघर. आधी झुंबरआजी.

मी म्हणलं, "आजी, छतावर परत दगड ठिवा. कडंनं. न्हाईतर मला हूक काढू द्या, न्हाईतर अँगलची टोकं भिंतीत काँक्रीट ओतून गाडू द्या."

आजी म्हणल्या, "अगं बाई, काढू नको. त्या दिवशीच्या वाऱ्यात आमचं जागचं हाललं न्हाई. तुझ्यामुळं वाचलो आम्ही."

"आजी, त्या दिवशी झोत आमच्यावर होता, तुम्ही आडोशाला होता. पुढच्या वेळी..."

"तुझ्या बापाचं वाईट झालं, मला काय कळत न्हाई का? म्हणून तुझं डोकं फिरलं. ते तुमच्या घराचं नशीब, त्यात हुकाचा काय दोष?" आन् माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. पप्पांना द्यायला.

हॉटेलवाला म्हणला, सीझन संपू दे, मंग पाहू. अगं, सीझन संपल्यावर काय पाहतो? सलूनवाला म्हणला, "भिंतीचं डोकं आता उघडू? वर पाणी पडलं की सगळी भिंत बसंल." ते बी बराबर हाय त्याचं. अण्णासाहेबांकडं दगड मागायला गेले, ते म्हणले, "पोरी, बंधाऱ्यात दगड बसवून पिचिंग झालं. काढू कसे?" सायकलवाल्यानं तर भारतला सांगितलं, तुझ्या बहिणीला आवर, लोकांना घाबरवून राह्यली. महिन्याआधी माईकवरून माझं नाव घेतलं होतं ह्याच लोकांनी. तेव्हा माझं चुकीचं होतं, सगळ्यांनी ऐकलं. आता बराबर सांगून राह्यले तर कोणी ऐकत न्हाई.

दोन घरं ऐकली. आमच्याच वस्तीतली. मी आन् भारतनं, तो काठीवर, मी डोक्यावर पाटी घेऊन, शेतातून दगड आणून ठिवले. नऊ राह्यली. कोणत्या घरात किती माणसं, कोण कुठं झोपतं, मला सगळं पाठ झालंय. झुंबरआजींच्यात झोका पण हाय, मोठी नात बाळंतपणाला आलीय, तिच्या बाळाचा.

न्हाई गं, तुम्ही येऊन काय करणार? तुम्ही याल, दगड उचलाल, ठिवायचे कुठं? ते छतावर चढूच देत न्हाईत. मी तुम्हाला बोलवायला न्हाई सांगितलं. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. आन् पुढच्या वेळी सर फळ्यावर छत काढतील ना, तेव्हा खाली भिंत पण काढायला सांगा. मला त्या तासाला बसवणार न्हाई.

चार वाजायच्या आत निघते मी, घरी पोचायला पायजे. आकाश कसं झालंय पाह्य तिकडं. तसं रोजच होतं, रोज काही वारं येत न्हाई. पण आलं ना, ताडपत्री फडफडायला लागली की पप्पांचा उजवा हात चादरीवर फिरतो. डोळे मिटलेले असतात त्यांचे, जागे हायेत का झोपेत ते पण कळत न्हाई. चादर मुठीत धरतात, आन् मंग सावकाश, हाताला तिचे दोन वेढे घेतात. मी बाजूला बसून म्हणते, पप्पा, सोडा. भारत उभा हाय, पाह्यलं का, भारत दारात उभा हाय. सोडा ना पप्पा.

सोडत न्हाईत.